भूत पानात, काटा अंगावर

स्टीफन किंगच्या ‘द शायनिंग’ (१९७७) या कादंबरीतल्या हॉटेलात भुतं आहेतच. पण त्याआधी आपल्याला भेटतो जॅक टॉरन्स. नोकरी गेलेला, दारू सोडलेला, रागाच्या भरात पोटच्या पोराचा हात मोडलेला बाप. खरी भीती तिथून सुरू होते. त्याचा हा पोरगा, छोटा डॅनी, हॉटेलातल्या २१७ नंबरच्या खोलीपाशी थबकतो, तेव्हा आपली छाती धडधडते, केसांच्या मुळाशी असलेले चिमुकले स्नायू आखडतात आणि अंगावर काटा येतो. हातात नुसतं पुस्तक आहे, हे पक्कं ठाऊक असूनही! बर्लिनमधल्या संशोधकांनी ‘हॅरी पॉटर’चे उतारे वाचणाऱ्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं (२०१४). भीतीच्या उताऱ्यांत वाचक गुंतत गेला, तसा सहवेदनेशी निगडित भाग अधिक सक्रिय दिसला. ज्याच्यात जीव गुंतावा असं कुणीच नसलेल्या, नुसत्या कवट्या-सांगाड्यांच्या गोष्टी मला तरी जांभया आणतात, ते उगाच नाही.