लहान पडद्यावरील पाठ आणि शोधयंत्राचा निर्णय

एखाद्या ग्रंथाच्या एक विस्तृत व एक संक्षिप्त अशा दोन प्रती उपलब्ध असल्या, तर त्यांपैकी प्रमाण कोणती मानावी, हा पाठचिकित्सेतील जुनाच प्रश्न आहे. व्यापारी संकेतस्थळांच्या संदर्भात तो आज नव्या रूपाने उपस्थित झाला असून त्याचा निर्णय संपादकाच्या हाती न राहता शोधयंत्राच्या हाती गेला आहे. संगणकाच्या रुंद पडद्यासाठी सिद्ध केलेला पाठ व मोबाइलच्या अरुंद पडद्यासाठी सिद्ध केलेला पाठ यांत भेद असेल, तर गूगल हे शोधयंत्र दुसऱ्यासच प्रमाण मानते. या निर्णयाचे स्वरूप आणि मराठी मजकुरावरील त्याचे परिणाम यांचा विचार येथे करावयाचा आहे.

२००७ साली आयफोन बाजारात आला, तेव्हा त्यातील ब्राउझर प्रत्येक पृष्ठ सुमारे ९८० पिक्सेल रुंद आहे असे गृहीत धरून ते आकसून दाखवीत असे. साहजिकच अक्षरे वाचनीय राहत नसत. या अडचणीवर दोन मार्ग निघाले. पहिला, मोबाइलसाठी निराळे व आटोपशीर संकेतस्थळ रचण्याचा. दुसरा, मजकूर एकच ठेवून पडद्याच्या रुंदीनुसार केवळ त्याची मांडणी बदलण्याचा. ईथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये या दुसऱ्या पद्धतीस ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे नाव दिले. पहिल्या मार्गात पाठभेद अंगभूत आहे, दुसऱ्यात तो सहसा संभवत नाही.

२१ एप्रिल २०१५ पासून गूगलने मोबाइलवरील शोधांत मोबाइलानुकूल पृष्ठांस झुकते माप देण्यास आरंभ केला. या घटनेची त्या काळी पुष्कळ चर्चा झाली. परंतु तिच्याहून मूलगामी बदल पुढे झाला. मार्च २०१८ पासून संकेतस्थळांची नोंद त्यांच्या मोबाइल-पाठावरून करण्याची पद्धत क्रमाक्रमाने लागू झाली. १ जुलै २०१९ पासून नव्या संकेतस्थळांस ती सरसकट लागू झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये हे स्थित्यंतर पूर्ण झाल्याचे गूगलने जाहीर केले. ५ जुलै २०२४ नंतर तर जे पृष्ठ मोबाइलवर उघडतच नाही, त्याची नोंदही होत नाही.

येथे ‘नोंद’ आणि ‘क्रम’ या दोन संकल्पनांतील भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. शोधयंत्राने काय वाचले, हा नोंदीचा विषय. वाचलेल्यांपैकी कोणास आधी दाखविले, हा क्रमाचा विषय. व्यावसायिक मंडळी चिंता करतात ती क्रमाची. वास्तविक हानी होते ती बहुधा नोंदीत.

समजा, येवल्यातील एका पैठणी-विक्रेत्याच्या पृष्ठावर नारळी काठ, आसावली वेल, पदरावरील मोर यांचे सविस्तर वर्णन आहे. परंतु मोबाइलवर जागा अपुरी म्हणून ते गाळून केवळ छायाचित्र, किंमत व दूरध्वनी क्रमांक ठेवले आहेत. ‘नारळी काठाची पैठणी’ असा शोध घेणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने हे वर्णन लिहिलेच गेलेले नाही. तो ग्राहक संगणकावरून शोध घेत असला, तरी स्थिती पालटत नाही. कारण नोंद एकच आहे. वर्णन घडीखाली झाकलेले असल्यास हरकत नाही, ते वाचले जाते. मात्र ग्राहकाने बोट लावल्यावरच जो मजकूर सर्व्हरकडून मागविला जातो, तो शोधयंत्रास दिसत नाही, कारण ते बोट लावीत नाही.

जागेची ही टंचाई मराठीत अधिक जाणवते. वेलांटी, मात्रा व रफार शिरोरेघेच्या वर आणि उकार खाली येत असल्याने ओळींमध्ये अधिक अंतर लागते. रोमन लिपीप्रमाणे अक्षरांतील अंतर वाढविल्यास शिरोरेघ तुटते. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँट जड होतात आणि ते उशिरा पोहोचले की आधी दिसलेला मजकूर जागचा हलतो. हा दोष क्रमाशी संबंधित आहे. गूगलच्या ‘कोअर वेब व्हायटल्स’ या निकषांनुसार पृष्ठाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा आणि मजकूर हलण्याचे मान ०.१ हून अधिक नसावे. तथापि मजकुराची समर्पकता या निकषांहून वरचढ मानली जाते, हे विसरू नये.

या अडचणी टाळण्यासाठी मराठी मजकुराचे चित्र करून लावण्याचा उपाय योजला जातो. तो अपायकारक आहे. चित्रातील शब्द नोंदीत येतील याचा भरवसा नसतो. युनिकोडपूर्व फाँटांतील मजकुराचीही हीच गत होय. डोळ्यांस तो देवनागरी भासतो, परंतु यंत्राच्या लेखी तो रोमन अक्षरांचा निरर्थक समूह असतो.

यावरून कर्तव्य स्पष्ट होते. दोन्ही पडद्यांवर मजकूर, शीर्षके व चित्रांची पर्यायी वर्णने एकच असावीत. मजकूर युनिकोडमध्ये असावा. व्ह्यूपोर्टची सूचना द्यावी. गूगलने मोबाइलानुकूलतेची आपली स्वतंत्र चाचणी डिसेंबर २०२३ मध्ये बंद केली. परंतु ‘सर्च कन्सोल’ या साधनात शोधयंत्राने प्रत्यक्ष कोणता पाठ उचलला, हे संकेतस्थळाच्या मालकास पाहता येते. तो पाठ ओळीने वाचून पाहणे ही पाठचिकित्साच होय.

काय गाळावे, हा निर्णय आज बहुधा मांडणीकार घेतो, आणि तो जागेच्या हिशेबाने घेतो. गाळलेल्या ओळीत जे शब्द असतात, ते पुष्कळदा त्या व्यवसायाचे खास, इतरत्र क्वचितच लिहिले जाणारे मराठी शब्द असतात. म्हणून हा निर्णय भाषा जाणणाऱ्याच्या संमतीवाचून होऊ नये.