फांदीला करवत आधी खालून का?

पावसाळा तोंडावर आला की कामोठ्यात रस्त्याकडेच्या गुलमोहरांची छाटणी सुरू होते. नवखा माणूस थेट वरून करवत लावतो. मुरलेला आधी खालून खाच पाडतो. वरून कापताना फांदी अर्धवट असतानाच वजनाने झुकते. खालचे तंतू तुटत नाहीत, खोडाची साल सोलत उतरतात, शेवग्याची शेंग मोडताना दोरा निघतो तसे. खालची खाच हे सोलणं अडवते. दुसरा काप वरून, खाचेच्या थोडा बाहेर.

उरलेला खुंट खोडालगतच्या फुगीर कड्याबाहेर कापायचा, कारण जखम झाकणाऱ्या पेशी तिथेच असतात. खोडाला सपाट काप दिसतो झकास, पण कूज तिथूनच शिरते. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ. म्हणून जाणता माणूस कमरेचा दोर कापायच्या फांदीला नव्हे, जाड खोडाला बांधतो. आणि संपूर्ण झाड तोडायचं, तर महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी हवीच.