केबल लावली, तरी फोरके अडकतोय?

रास्पबेरी पायवर कोडी हा मीडिया प्लेअर चालवणाऱ्यांची नेहमीची तक्रार: वायफाय सोडून लॅन केबल लावली, तरी मोठी फोरके फाइल मध्येच थांबते. कोडीच्या सेटिंग्ज उचकण्याआधी राउटरच्या अॅडमिन पेजवर पाय जोडलेल्या पोर्टचा लिंक स्पीड बघा.

100 दिसतंय? मग आधी संशय केबलवर. 100 एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. क्रिम्पिंगमध्ये एखादी तार नीट बसली नसेल, तर जोडणी बहुधा तुटत नाही, गुपचूप 100 वर उतरते! म्हणून ‘नेट चालतंय ना’ हा पुरावा धरू नका. फोरके ब्लू-रेचा डेटा 128 एमबीपीएसपर्यंत उसळू शकतो. तिथेच गाडी अडते.

केबल बदलूनही 100च? मॉडेल बघा. पाय 3 बी चा पोर्टच 100 चा आहे. 3 बी प्लस यूएसबी 2.0 मुळे 300च्या आसपास थांबतो. पूर्ण गिगाबिट पाय 4 पासून. (कित्येक महागड्या टीव्हींनाही 100 चाच पोर्ट असतो, हे मला अजून पटत नाही.)

नवी केबल घेताना तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची टाळा. शुद्ध तांब्याची कॅट 5ई घरासाठी पुरेशी आहे.