स्विंडनचे जादूचे चक्र

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मंडळींच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो : "अहो, त्या स्विंडनच्या मॅजिक राउंडअबाउटवरून गाडी न्यायची तरी कशी?" अलीकडची पाटी पाहिली की ताटात पाच चकल्या गोल मांडून ठेवल्यासारखे दिसते, आणि चांगला सराव असलेला माणूसही बिचकतो.

आधी थोडा इतिहास. १९६६ पूर्वी इथल्या राउंडअबाउटवर आधी कोणी जायचे याचा एकच असा पक्का नियम नव्हता. आतल्या गाड्या बाहेर पडायच्या आत बाहेरच्या आत घुसत आणि सगळे चक्रच ठप्प होई. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये नियम आला : उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. या नियमाच्या आधारे सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील अभियंते फ्रँक ब्लॅकमोर यांनी छोट्या राउंडअबाउटची कल्पना पुढे नेली. स्विंडनला फुटबॉलच्या काउंटी ग्राउंडजवळ पाच रस्ते एकत्र येतात. तिथे १९७२ साली त्यांनी एका मोठ्या चक्राऐवजी पाच छोटी चक्रे बसवली. सुरुवातीला आखणी कच्चीच ठेवली होती, म्हणजे अनुभव पाहून ती सरकवता यावी. प्रत्येक छोट्या चक्रापाशी एक पोलीसही उभा असे. लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमावरून लोकांनी त्याला 'मॅजिक राउंडअबाउट' म्हणायला सुरुवात केली आणि पुढे तेच अधिकृत नाव झाले.

आता रचना पाहू. प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक छोटे चक्र आहे. ही पाचही चक्रे घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात. मधल्या मोठ्या वर्तुळाभोवती मात्र वाहतूक काट्याच्या उलट जाते. घोटाळा वाटतो तो इथेच. पण उलट दिशेचा हा मार्ग घेण्याची सक्ती नाही. नवख्याने बाहेरच्या कडेने, नेहमीच्या राउंडअबाउटसारखे, एकेक चक्र पार करत जावे. सराव झाला की आतून जवळची वाट घेता येते.

आम्ही रसायनशास्त्रातले लोक एखादी अवघड प्रक्रिया टप्प्याटप्प्याने करतो. इथेही तसेच करावे. सगळे चक्र डोक्यात घेऊन आत शिरू नये. पुढचे एकच चक्र पाहावे, उजवीकडच्याला जाऊ द्यावे, मगच पुढे जावे. आपला रस्ता हुकला तर मधे न थांबता पुन्हा एक फेरी मारावी. वेग कमी असतो, हीच या जागेची मोठी सोय.

हा नियम आपल्याला परका नाही. भारताच्या १९८९ च्या रस्ते नियमांतही, सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या आणि मुख्य रस्ता न ठरवलेल्या चौकात उजवीकडच्याला आधी जाऊ द्यावे असेच लिहिले होते. चौकात आपण पाळत होतो तो नियम वेगळा : ज्याचे नाक पुढे, तो आधी!

हे सगळे सांगण्याचे कारण गमतीचे नाही. इथे राहायला आल्यावर भारताचा परवाना बाराच महिने चालतो. पुढे इथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावीच लागते. अनेक घरांत नवऱ्याने परवाना काढलेला असतो आणि बायकोचा मात्र "राउंडअबाउटची भीती वाटते" म्हणून राहून जातो. मग मुलांची शाळा, डॉक्टर, नोकरीची मुलाखत, प्रत्येक वेळी कोणाची तरी वाट पाहावी लागते. राउंडअबाउटच्या भीतीची ही किंमत फार जास्त आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी असे कोणी असेल, त्यांनी रविवारी सकाळी, रहदारी नसताना, त्यांना शेजारी बसवून जवळच्या राउंडअबाउटला चार फेऱ्या माराव्यात. पुढच्या रविवारी शिकाऊ परवाना, विमा आणि एल-पाटी यांची सोय करून चाक त्यांच्या हाती द्यावे. शेजारी बसून ओरडू मात्र नये!