केंद्रक नसलेल्या पेशीतील केंद्रकीय ग्राही

प्रस्तावना
केंद्रकीय ग्राही ही पेशीतील प्रथिने आहेत. विशिष्ट संप्रेरक किंवा मेदजन्य रेणू त्यांना जोडला गेला, की ती डीएनएवर बसून ठरावीक जनुकांचे प्रतिलेखन वाढवतात किंवा कमी करतात. मानवात असे ४८ ग्राही आहेत. रक्तपट्टिकेत, म्हणजे प्लेटलेटमध्ये, मात्र केंद्रकच नसते. अस्थिमज्जेतील मेगाकॅरिओसाइट या मोठ्या पेशीपासून ती सुटते आणि ७ ते १० दिवस रक्तात राहते. तरीही तिच्यात पीपीएआर-गॅमा, आरएक्सआर, एलएक्सआर असे ग्राही सापडतात. ते तेथे काय करतात, हे या पाठात पाहू.

गुठळी कशी सुरू होते?
रक्तवाहिनीला इजा झाली की भिंतीतील कोलॅजेन उघडे पडते. रक्तपट्टिकेवरील जीपी-सहा हा ग्राही त्याला चिकटतो. आतमध्ये सिक हे विकर सक्रिय होते, लॅट या प्रथिनाला फॉस्फेट जोडले जाते आणि पुढे कॅल्शियमची पातळी वाढते. मग रक्तपट्टिका एडीपी व थ्रॉम्बॉक्सेन-ए२ बाहेर सोडते. त्यामुळे शेजारच्या रक्तपट्टिका जाग्या होतात आणि फायब्रिनोजेनच्या साहाय्याने एकमेकींना चिकटतात. त्यांच्या पृष्ठभागावर थ्रॉम्बिन तयार होऊन फायब्रिनचे जाळे विणले जाते.

ग्राहींचा हस्तक्षेप
१. पीपीएआर-गॅमा : याला लिगंड मिळाला की सिक व लॅट यांच्याशी होणारी त्याची जोडणी रोखली जाते. कोलॅजेनचा संकेत तेथेच क्षीण होतो आणि रक्तपट्टिका कमी प्रमाणात एकत्र येतात.
२. आरएक्सआर : ९-सिस रेटिनॉइक आम्ल दिल्यावर हा ग्राही जीक्यू या प्रथिनाला जोडला जातो. एडीपी व थ्रॉम्बॉक्सेनचा संकेत याच प्रथिनातून जातो, म्हणून त्यांना मिळणारा प्रतिसाद घटतो.
३. एलएक्सआर : याचा कृत्रिम लिगंडही कोलॅजेनचा संकेत मंदावतो.

हा परिणाम जनुकांमार्फत नाही, हे कशावरून? एक, प्रतिलेखनासाठी लागणारे केंद्रकच येथे नाही. दोन, परिणाम काही मिनिटांत दिसतो. जनुकांमार्फत नवे प्रथिन तयार व्हायला याहून बराच अधिक वेळ लागतो. म्हणूनच केंद्रकीय ग्राहींचे जनुकेतर कार्य अभ्यासण्यासाठी रक्तपट्टिका ही सोयीची पेशी ठरते.

वैद्यकीय महत्त्व
अ‍ॅस्पिरिन रक्तपट्टिकेतील कॉक्स-१ हे विकर कायमचे बंद करते. केंद्रक नसल्याने त्या विकराची भरपाई जवळजवळ होत नाही, आणि एका गोळीचा परिणाम त्या रक्तपट्टिकेच्या आयुष्यभर टिकतो. हा गुठळी टाळण्यासाठी लाभ असला, तरी रक्तस्रावाचा धोकाही त्यातूनच येतो. केंद्रकीय ग्राही संकेत पूर्ण न तोडता मंद करतात, म्हणून संशोधकांना त्यांच्यात रस आहे.

टाइप-२ मधुमेहात रक्तपट्टिका अधिक संवेदनशील असतात. या आजारात दिले जाणारे पायोग्लिटॅझोन पीपीएआर-गॅमालाच जोडले जाते. पण ते साखर नियंत्रणाचे औषध आहे. त्याने शरीरात पाणी साठू शकते, म्हणून हृदय निकामी होत असलेल्या रुग्णांना ते टाळतात. गुठळी रोखण्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळीला ते पर्याय नाही.

स्वाध्याय
१. रक्तपट्टिकेत अ‍ॅस्पिरिनचा परिणाम दीर्घकाळ का टिकतो?
२. पीपीएआर-गॅमा व आरएक्सआर संकेताच्या कोणकोणत्या टप्प्यांवर काम करतात, ते आकृतीने दाखवा.