दुसऱ्याच्या हातची काडतुसं

काडतूस झाडलं की गोळी जाते, दारू जळते आणि मागे उरते ती पितळेची पुंगळी. फेकून द्यावी अशी ती वस्तू नव्हे, काडतुसात महाग असते ती तीच. म्हणून इथे अमेरिकेत रेंजवरचा गोळीबार थांबला की भली भली माणसं वाकून पुंगळ्या वेचताना दिसतात. घरी नेऊन त्या साफ करायच्या, जळका प्रायमर (दारू पेटवणारी तळाची टोपी) काढायचा, प्रेसमध्ये दाबून पुंगळी पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू मोजून घालायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची. हे रीलोडिंग. स्वतःपुरतं करायला परवाना लागत नाही, विकण्यासाठी करायचं तर फेडरल सरकारचा लागतो. (भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याखाली विनापरवाना काडतूस बनवणं हा सरळ गुन्हा आहे. तेव्हा वाचून कुणी हात शिवशिवू देऊ नयेत.)

मी ओहायोत राहते. सगळी नोकरी बॉइलर आणि दाबाच्या टाक्या तपासण्यात गेली. बाबा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, त्यामुळे काडतुसांचं बोलणं घरात नवं नव्हतं. रिव्हॉल्व्हर मात्र मी इथे, पन्नाशीनंतर हातात धरलं. माझी काडतुसं मी गॅरेजमध्ये स्वतः भरते. ती कुणाला देत नाही आणि दुसऱ्याने भरलेली झाडत नाही, क्लबातला एक म्हातारा प्रेमाने देतो तीसुद्धा. इथल्या मराठी मंडळातल्या एका स्नेह्यांना हा शिष्टपणा वाटतो. "अहो ताई, त्या म्हाताऱ्याचा तीस वर्षांचा हात आहे, तो कशाला चुकेल?"

तो चुकतो की नाही ते नंतर बघू. आधी दाब किती ते सांगते. घरच्या कुकरमध्ये शिटीच्या वेळी दर चौरस इंचाला साधारण १५ पौंड दाब असतो. रिव्हॉल्व्हरच्या .३८ स्पेशल काडतुसाला उत्पादकांच्या संस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा १७,००० पौंड, आणि रायफलच्या .३०८ची ६२,०००. कुकरला निदान सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. इथे चेंबर असतं आणि त्याच्यामागे वीतभरावर आपला चेहरा.

.३८ स्पेशल १८९८चं, म्हणजे काळ्या दारूच्या दिवसांतलं. ती दारू भरपूर लागायची, म्हणून पुंगळी ऐसपैस. आजची धूरविरहित दारू तिथे चिमूटभर पुरते. निशाण्याच्या सरावाला जुन्या, लाडक्या ‘बुल्सआय’ पावडरचे तीनेक ग्रेन, म्हणजे ०.२ ग्रॅमसुद्धा नाही. पुंगळी बहुतेक रिकामीच राहते. हात चालू असताना फोन वाजला, नातू येऊन बोलला, आणि त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा माप पडलं, तर बाहेर काही सांडत नाही. वर गोळी बसली की ते काडतूस शेजारच्या एकोणपन्नासांसारखंच दिसतं. ही दारू दाब वाढेल तशी जास्त वेगाने जळते. त्यामुळे दुप्पट दारूने दाब दुपटीवर थांबत नाही. सिलिंडर फाटतं, वरची पट्टी उचकटते.

उलटी चूक दिसायला सौम्य, म्हणून जास्त फसवी. दारू घालायचीच राहिली, तर एकटा प्रायमर गोळीला नळीत ढकलतो आणि ती मध्येच अडकते. बार होत नाही, नुसतं फुस्स होतं. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर तर पुढचं काडतूस आणायला तयारच असतं. घाईत दुसऱ्यांदा चाप ओढला की मागची गोळी पुढच्या गोळीवर जाऊन आदळते आणि नळी फुगते, नाहीतर फुटते. आमच्या क्लबात अशी एक नळी उभी चिरून भिंतीला लावली आहे. आत शिशाच्या गोळ्या एकीमागे एक रांगेत. नव्या सभासदांना मी आधी तिथे नेते, मग नियमांच्या फलकाकडे.

आता त्या तीस वर्षांच्या हाताबद्दल. समजा, तो कधीच चुकत नाही. तरी त्याने काडतूस भरलं ते त्याच्या बंदुकीसाठी. .४५ कोल्ट हे काडतूस १८७३चं. जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरांमुळे त्याची कमाल मर्यादा १४,००० पौंडच ठेवलेली आहे. पण रुगर कंपनीची काही रिव्हॉल्व्हरं इतकी दणकट, की रीलोडिंगच्या पुस्तकांत त्यांच्यासाठी वेगळं कोष्टक असतं आणि दाब दुपटीच्या घरात जातो. दोन्ही काडतुसं बाहेरून अगदी सारखी. म्हाताऱ्याचं निर्दोष काडतूस दुसऱ्या कुणी आपल्या आजोबांच्या कोल्टमध्ये घातलं, तर आजोबांचं रिव्हॉल्व्हर गेलं, आणि बहुधा बोटंही.

बाबांच्या फॅक्टरीत प्रत्येक लॉटला नंबर असे. त्यातली नमुन्याची काडतुसं झाडून दाब मोजत आणि नमुना नापास झाला तर सबंध लॉट अडे. गॅरेजमधल्या डब्याला लॉट नसतो. असते ती फार तर पेन्सिलीची चिठ्ठी. तीही पुरेशी असेलच असं नाही. हॉजडनची एच-४३५० आणि आयएमआर-४३५० या दोन वेगळ्या पावडरी आहेत आणि एकीचं माप दुसरीला लावायचं नसतं. चिठ्ठीवर नुसतं ‘४३५०’ लिहिलेलं असलं तर काय समजायचं? आणि भरणारा हयात नसेल तर विचारायचं कुणाला? असे डबे घरच्या सामानाच्या विक्रीत स्वस्तात निघतात. ते मी विषासारखे टाळते.

अनोळखी काडतूस शस्त्र म्हणूनही वापरून झालं आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या गुप्त पथकाने ‘एल्डेस्ट सन’ नावाखाली मुद्दाम बिघडवलेली एके-४७ची काडतुसं शत्रूच्या साठ्यांत मिसळली. दारूच्या जागी स्फोटक, बाहेरून मात्र काही कळू नये. ती झाडणाऱ्याची रायफल तोंडावर फुटायची. मग आपल्या सैनिकांनाही शत्रूचा दारूगोळा वापरू नका म्हणून बजावावं लागलं.

बंदुकांचे उत्पादक तर आणखी सावध. रीलोड केलेली काडतुसं वापरलीत तर वॉरंटी नाही, असं ग्लॉकसारख्या कंपन्या लिहूनच देतात.

नाही म्हणणं आपल्याला जड जातं. प्रेमाने पुढे केलेला डबा परत कसा करायचा? मी करत नाही, ठेवून घेते. घरी हातोडीसारखा एक पुलर असतो. त्यात काडतूस अडकवून ठोकलं की गोळी आणि दारू सुटी होतात. चांगल्या पुंगळ्या आणि गोळ्या ठेवते, दारू हिरवळीवर पातळ पसरते. तिच्यात नायट्रोजन असतो, गवताला चालतो. दारू कितीही महागाची असो, बरणीत परत जात नाही. पुंगळ्या भरून होतात तेव्हा त्या म्हाताऱ्याला फोन करून सांगते, पितळ झकास होतं, पुढच्या वेळी रिकाम्याच द्या.