नळीच्या टोकाशी केसभर

कागदावर एक भोक आहे, 8 मिलिमीटर रुंद. त्यातून पाच गोळ्या आरपार गेल्या आहेत आणि त्यातली प्रत्येक गोळी 7.8 मिलिमीटर जाडीची होती.

2013 साली अमेरिकेत माइक स्टिनेट यांनी 100 यार्डांवरून, म्हणजे 91 मीटरवरून, हा प्रताप केला. बेंचरेस्टच्या, म्हणजे बाकावर रायफल टेकवून होणाऱ्या नेमबाजीच्या, ग्रुप स्पर्धेत निशाण्याच्या मध्याशी फारसं देणंघेणं नसतं. पाच गोळ्या एकमेकींच्या किती जवळ बसल्या, एवढंच बघतात. सगळ्यांत लांब पडलेल्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजायचं. ते भरलं 0.0077 इंच, 0.2 मिलिमीटरलाही किंचित कमी. आधीचा 0.009 इंचांचा विक्रम मॅक मॅकमिलन यांनी 1973 मध्ये केला होता. चाळीस वर्षांत प्रगती किती, तर मिलिमीटरचा तिसावा हिस्सा!

गोळ्या फाकल्याचा हाच कोन पुढे वाढवत नेला, वारा, गुरुत्वाकर्षण, सह्याद्री सगळं विसरलो, तर मुंबईहून पुण्यापर्यंतच्या 120 किलोमीटरच्या सरळ रेषेत या पाच गोळ्या पाव मीटरच्या पट्ट्यात पडतील. 

हे जमतं कसं? माणूस शक्य तितका बाजूला ठेवून. रायफल दगडी किंवा काँक्रीटच्या बाकावर, वाळूच्या पिशव्यांवर ठेवलेली. नेमबाज स्टुलावर बसलेला. अनेक जण गाल टेकवत नाहीत, मूठ आवळत नाहीत, खांदाही लावत नाहीत. बोटाचं टोक तेवढं ट्रिगरला लागतं आणि तो ट्रिगर दोन औंसांचा, म्हणजे 57 ग्रॅमवर सुटणारा. रायफल झटका खाऊन पिशव्यांवरून सरळ मागे घसरते आणि नेमबाज तिला अलगद धरतो.

इतका सोवळेपणा कशासाठी, ते आकड्यांत पाहू. अशा रायफलीची गोळी सेकंदाला सुमारे 1000 मीटर वेगाने सुटते. नळीतले आटे तिला 14 इंचांत एक फेरा देत असतील, तर ती स्वतःभोवती सेकंदाला 2800 फेरे घेत असते. ती नळीत असते जेमतेम एक सहस्रांश सेकंद. पण तेवढ्यातच रायफल मागे सरकू लागलेली असते. गोळी आणि दारूचं वजन एका बाजूला, पावणेपाच किलोंची रायफल दुसऱ्या बाजूला, असा हिशेब मांडला तर गोळी बाहेर पडेपर्यंत रायफल साधारण अर्धा मिलिमीटर मागे गेलेली असते. माणसाच्या अंगाचा सगळा उपद्रव या अर्ध्या मिलिमीटरमधला. एका गोळीला खांदा घट्ट आणि दुसरीला सैल, एवढ्याने नळीचं तोंड वेगळीकडे वळतं. मग बाकी सगळं यंत्रासारखं असून काय उपयोग?

आता याच्या उलट टोकाचा खेळ घेऊ. 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये बाक नाही, पिशव्या नाहीत. जे काही आहे ते शरीर. पुन्हा तेही तीन तऱ्हांनी वापरायचं: गुडघ्यावर बसून (नीलिंग), पालथं पडून (प्रोन) आणि उभं राहून (स्टँडिंग). मला हाच प्रकार जास्त अचाट वाटतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 1 ऑगस्ट 2024 रोजी यातच ऑलिंपिकचं कांस्य घेऊन गेला. कुस्तीगीर खाशाबा जाधवांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळालं, हे तेव्हा सगळीकडे छापून आलं. त्याच्या गुणांची फोड मात्र फारशी कुणी वाचली नसावी.

नीलिंगच्या 15 गोळ्यांत 153.3 गुण, प्रोनच्या 15 गोळ्यांत 156.8 आणि स्टँडिंगच्या 14 गोळ्यांत 141.3, एकूण 451.4. गोळीमागे सरासरी काढली तर अनुक्रमे 10.22, 10.45 आणि 10.09. माणूस तोच, रायफल तीच, दिवसही तोच. बदललं फक्त अंग. 50 मीटरच्या निशाण्यावर एक गुण म्हणजे 8 मिलिमीटर. त्या हिशेबाने गोळी केंद्रापासून सरासरी किती चुकली? पालथं पडून 4 मिलिमीटर, गुडघ्यावर जवळपास 6, उभं राहून 7.

प्रोनमध्ये दोन्ही कोपरं आणि छाती जमिनीला असते. स्लिंगचा पट्टा डावा हात रायफलीशी बांधून ठेवतो. मात्र तो दंडावर आवळला की नाडीचा ठोका थेट नेमात दिसतो. नीलिंगमध्ये कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवलं तर हाडावर हाड घरंगळतं, म्हणून कोपराच्या जरा वरचा मांसल भाग टेकवतात. स्टँडिंगमध्ये कोपर कमरेच्या हाडाला टेकवायचं, पाठ मागे कलवायची आणि 8 किलोंपर्यंतची रायफल स्नायूंनी न उचलता हाडांवर रचायची. तिथे आधार म्हणून जमिनीला टेकलेले असतात ते फक्त दोन तळपाय. नेम धरून डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि उघडून बघायचं. नळी सरकलेली दिसली तर हाताने ओढून आणायची नाही. पाय हलवून सगळं अंगच फिरवायचं. ओढून आणलेला नेम ट्रिगर दाबताच परत जातो.

स्वप्नीलच्या प्रोन आणि स्टँडिंगमधला तो 3 मिलिमीटरचा फरक नेमबाजाकडे उलटा आणा. खांद्यापासून नळीचं टोक साधारण मीटरभर लांब. तिथे तो उरतो 0.06 मिलिमीटर. माणसाच्या केसाची जाडी जवळपास एवढीच असते. पालथ्या शरीराच्या तुलनेत उभ्या शरीराचं डोलणं, श्वास, ठोका, तोल हे सगळं या पठ्ठ्याने एका केसात बसवलं होतं.

बेंचरेस्टशी याची तुलना करणं थोडं अन्यायाचंच, कारण एकात गोळ्यांचं आपापसातलं अंतर मोजतात आणि दुसऱ्यात मध्यापासूनचं. पण पालथं पडूनही कुठवर जाता येतं, हे कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला दाखवलं होतं: 60 गोळ्या, 600 पैकी 597 आणि जागतिक विजेतेपद.

स्वप्नीलच्या शेवटच्या चार गोळ्या, सगळ्या उभ्याने: 10.5, 9.4, 9.9, 10.0. यातली 9.4 ची गोळी केंद्रापासून 12 मिलिमीटरहून थोडी जास्त दूर पडली. वाऱ्याचा वाटा नव्हता असं धरलं, तर नळीचं टोक पाव मिलिमीटर सरकलं होतं. त्यानंतर त्याने रायफल खाली घेतली, पुन्हा उचलली आणि पुढच्याच गोळीला अर्धा गुण परत मिळवला.